सिमाम, आयकॉम वगैरे: मुंबईतल्या छोट्या कलासंग्रहालयाने यात पडावं का?

फोर्टवाली

नमस्कार मंडळी. फोर्टात एका खासगी ट्रस्टचं छोटं कलासंग्रहालय आहे, त्याची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली. आधी मी इथेच संग्रहाचं काम बघायचे. संग्रह स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईच्या चित्रकारांचा. कागदावरची कामं जास्त, तैलचित्रं त्यामानाने कमी, थोडी शिल्पं. माणसं बोटांवर मोजण्याइतकी, पहारेकरी धरूनसुद्धा.

गेल्या मीटिंगमध्ये मी विषय काढला की आधुनिक कलेच्या संग्रहालयांच्या संचालकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, सिमाम, तिचं सदस्य व्हावं. आमचे एक ट्रस्टी सीए आहेत. त्यांनी विचारलं, "याने तिकिटं किती वाढतील?" दुसऱ्या ट्रस्टी बाई म्हणाल्या, "मग आपल्याकडे पिकासो येईल का गं?" विषय पुढच्या मीटिंगवर गेला. आता मला कागदावर काहीतरी मांडायचंय.

तुमच्यापैकी कुणी अशा संघटनेत आहे का? प्रत्यक्षात उपयोग काय होतो? आणि घ्यायचंच तर सदस्यत्व माझ्या नावावर घ्यावं की संस्थेच्या?

निवृत्त_रजिस्ट्रार

ताई, सीएसाहेबांना खरं तेच सांगा: एकही तिकीट वाढणार नाही. आणि बाईंना सांगा की पिकासो सदस्यत्वाच्या कार्डावर येत नाही, फॅसिलिटी रिपोर्टवर येतो. त्याकडे वळतोच.

आधी दोन घरं वेगळी करू. आयकॉम १९४६ ची, मुख्यालय पॅरिसला, जगातल्या सगळ्या जातीच्या संग्रहालयांची: वाफेची इंजिनं, ममी, फुलपाखरं, सगळं आलं. तिच्यात विषयवार समित्या आहेत. जतनाची वेगळी, नोंदणी-दस्तऐवजांची वेगळी, व्यवस्थापनाची वेगळी. जतनवाल्यांची त्रैवार्षिक परिषद २००८ साली दिल्लीत झाली होती, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की असलं काही असतं. सिमाम १९६२ ची, आयकॉमला संलग्न, पण फक्त आधुनिक आणि समकालीन कलेची. संचालक आणि क्युरेटर मंडळींची. ऑफिस बार्सिलोनात. दर वर्षी वेगळ्या शहरात परिषद: २०१७ ला सिंगापूर, २०२३ ला ब्युनोस आयर्स, २०२४ ला लॉस एंजेलिस, २०२५ ला तुरिन. गेल्या काही वर्षांत अध्यक्षपद आशियात आलं. आधी टोकियोच्या मोरी संग्रहालयाच्या मामी काताओका, मग हाँगकाँगच्या एम प्लस संग्रहालयाच्या सुहान्या राफेल. म्हणजे हा निव्वळ गोऱ्यांचा क्लब आहे असं आता म्हणता येणार नाही. महागड्यांचा आहे का, ते विमानाचं तिकीट काढताना कळेल.

तिसरं घर तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या कामाचं तेच आहे. बिझो ग्रुप. १९९२ पासून मोठमोठ्या संग्रहालयांचे संचालक यात भेटतात. आपल्याला तिथे कुणी बोलावणार नाही, अर्ज करून आत जाता येत नाही. पण त्यांनी २०१४ मध्ये एक कागद काढला, बिझो ग्रीन प्रोटोकॉल, आणि तो कुणालाही वाचायला मोकळा आहे. तुमच्यासारख्यांना त्या कागदाचा उपयोग कार्डापेक्षा जास्त.

का ते सांगतो. माझी नोकरी कर्जाऊ कलाकृतींचे करार वाचण्यात गेली. बाहेरच्या संग्रहालयाकडे चित्र मागितलं की पहिला प्रश्न येतो, तुमचा फॅसिलिटी रिपोर्ट पाठवा. दारं किती, पहारा कसा, आग लागली तर काय, आणि मुख्य म्हणजे हवा. जुना नियम आर्द्रता ५० टक्के, इकडेतिकडे ५. आता जुलैत बाहेर ८० च्या वर आकडा असतो, समुद्र हाकेच्या अंतरावर, इमारत दगडी, खिडक्या ब्रिटिशांच्या वेळच्या. त्या इमारतीत वर्षभर ५० धरून ठेवायचे म्हणजे एसी आणि डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू. ते विजेचं बिल ट्रस्टींना दाखवलंत तर सिमामचा विषय आपोआप मिटेल. बिझोवाल्यांनी काय केलं, तर बऱ्याचशा वस्तूंसाठी पट्टा रुंद केला: आर्द्रता ४० ते ६०, तापमान १६ ते २५ अंश, आणि चोवीस तासांत चढउतार फार नको. जास्त नाजूक वस्तूंना वेगळी, कडक अट राहतेच, आणि तुमच्याकडे कागद जास्त म्हणून हे वाक्य दोनदा वाचा. ६० सुद्धा पावसाळ्यात सोपं नाही. पण जमण्यातलं आहे.

कुणी तरुण रजिस्ट्रार, म्हणजे कलाकृतींच्या नोंदी आणि देवाणघेवाण बघणारा माणूस, लंडनहून ५०-५ ची अट घालतो, तेव्हा "साहेब, आम्हाला नाही जमत" असं लिहिणं वेगळं आणि "तुमच्याच संचालकांच्या गटाने मान्य केलेल्या पट्ट्यात आम्ही देतो, सोबत वर्षभराचे आलेख जोडले आहेत" असं लिहिणं वेगळं. दुसऱ्या पत्राला उत्तर येतं. आणि त्या रजिस्ट्रारच्या वरच्या माणसाला तुमची संचालक कुठल्यातरी परिषदेत जेवणाच्या रांगेत भेटलेली असेल, तर उत्तर लवकर येतं. नेटवर्क म्हणतात ते एवढंच. पत्र वाचताना समोरच्याला तुमचा चेहरा आठवला पाहिजे.

आता नावाचं. माझ्या नोकरीत संचालक बरेच बदलले. प्रत्येकाच्या ओळखी दांडग्या होत्या. गेले की ओळखी त्यांच्या मोबाइलसकट गेल्या. एका संचालकांनी दोन वर्षं घालवून युरोपातल्या एका संग्रहालयाशी जमवून आणलेलं प्रदर्शन पुढच्या साहेबांच्या हाती फक्त एका फाइलच्या रूपाने आलं, आणि फाइलीत शेवटचं पत्र होतं "फोनवर ठरल्याप्रमाणे". फोनवर काय ठरलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी संग्रहालयांत तर संचालकपद अनेकदा अतिरिक्त कार्यभार म्हणून कुणा अधिकाऱ्याकडे असतं. त्याने ओळख करायची कधी आणि टिकवायची कधी?

म्हणून माझं मत: आयकॉमचं सदस्यत्व संस्थेच्या नावावर घ्या, म्हणजे कार्डं कर्मचाऱ्यांनाही मिळतात. बऱ्याच देशांत त्या कार्डावर संग्रहालयांत फुकट प्रवेश असतो. तुमचा सहायक सुट्टीत कुठे गेला तर चार संग्रहालयं बघून येईल. सिमाम तुमच्या नावावर घ्या, पण ट्रस्टने ठराव करून. आणि ठरावात लिहा की परिषदेहून आल्यावर कोण भेटलं, काय बोलणं झालं, हे लिहून फाइलला लावायचं. तुमच्या सहायकाला प्रत्येक ईमेलच्या सीसीत ठेवा. लोकांना हे आवडत नाही, ओळख ही आपली खासगी मालमत्ता वाटते. वाटू दे.

कुलाबा_कॉजवे

मी एका गॅलरीत काम करते, म्हणून माझं मत जरा तिरकं वाटेल. मुंबईत परदेशी संग्रहालयाचा क्युरेटर उतरला की पहिला फोन आम्हाला येतो, संग्रहालयाला नाही. जानेवारीत गॅलरी वीकेंडला, म्हणजे शहरातल्या गॅलऱ्या एकत्र प्रदर्शनं उघडतात तेव्हा, तर रांग लागते. कुणाचं काम कुठल्या घरात आहे, कुठलं चित्र कधी विकलं गेलं, चित्रकाराच्या मुलीचा नंबर, हे सगळं गॅलरीत असतं. संग्रहालयाच्या वाट्याला विमानाच्या आधीचा उरलेला तास येतो, त्यातही टॅक्सी एशियाटिकच्या पायऱ्यांशी थांबवून फोटो.

२०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने चित्रकार गायतोंडेंचं मोठं प्रदर्शन केलं. गिरगावातल्या चाळीत वाढलेला, जेजेत शिकलेला माणूस. असलं प्रदर्शन उभं करताना घराघरांतून, संग्राहकांकडून चित्रं शोधावी लागतात. ती ओळख बार्सिलोनात बसून होत नाही.

तेव्हा ताई, फीच्या पैशात वर्षातून दोनदा न्याहारी घाला. गॅलरी वीकेंडच्या सकाळी, संग्रहालय उघडण्याआधी, बाहेरून आलेल्या क्युरेटरना बोलवा आणि ड्रॉवर उघडून कागदावरची कामं दाखवा. भिंतीवरचं सगळेच बघतात. ड्रॉवरमधलं बघितलेला माणूस तुम्हाला विसरणार नाही.

आणि एक: बाहेरून चित्रं मागायला येणाऱ्यांना १९७२ चा कायदा ठाऊक नसतो. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय वगैरे नऊ चित्रकारांची कामं शंभर वर्षांची नसली तरी 'कलानिधी' ठरलेली आहेत, देशाबाहेर विकता येत नाहीत, प्रदर्शनापुरती न्यायची तरी परवानगी लागते. हे पहिल्याच भेटीत सांगणारा माणूस त्यांना फार भरवशाचा वाटतो.

माहीमची_खाडी

सगळं ठीक, पण या संघटना संकटात काय करतात? सिमामचं 'म्युझियम वॉच' नावाचं प्रकरण आहे, कुठल्या संचालकाला राजकीय कारणाने काढलं, कुठे ढवळाढवळ झाली की निवेदन काढतात. २०१५ ला बार्सिलोनातच त्यांची परीक्षा झाली. माक्बा संग्रहालयाच्या संचालकांनी स्पेनच्या माजी राजावरच्या एका शिल्पामुळे प्रदर्शन रोखलं, गदारोळ झाला, प्रदर्शन उघडलं आणि संचालकांनी पद सोडलं. हेच गृहस्थ तेव्हा सिमामचे अध्यक्ष होते! पुढे सिमामच्या मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले.

आपल्याकडचं आठवा. ८ फेब्रुवारी २०१९, काळा घोड्याला एनजीएमएत, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन. अमोल पालेकर बोलत होते. मुंबई आणि बंगळुरूच्या केंद्रांमधल्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या यावर बोलायला लागले तर मध्येच टोकलं गेलं. सगळ्या पेपरांत आलं. असल्या वेळी जगभरच्या संचालकांचं पत्र घेऊन काय करायचं? भिंतीला लावायचं?

निवृत्त_रजिस्ट्रार

खाडीभाऊ, पत्राने समिती परत येत नाही हे मान्य. पण पत्र फाइलीत जातं आणि पुढच्या वेळी अशी सही करणाऱ्याला ठाऊक असतं की बाहेर कुणीतरी वाचतंय. माक्बाचं उदाहरण मी उलट वाचतो. स्वतःच्या अध्यक्षाबद्दल मंडळातली माणसं उघड राजीनामा देतात, हे आपल्या किती संस्थांत बघितलंत? मला तरी आठवत नाही, आणि मी बऱ्याच मंडळांचं इतिवृत्त टाइप केलंय.

कुलाबाताईंची न्याहारीची कल्पना उत्तम. चहा मात्र संग्रहाच्या खोलीबाहेर.

डोंबिवली_फास्ट_नाही

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. सिमामच्या परिषदेसाठी ट्रॅव्हल ग्रँट असते, आमच्यासारख्या देशांतल्या क्युरेटर-संचालकांना प्राधान्य, गेटी फाउंडेशनने बरीच वर्षं त्याला पैसा दिला आहे. अर्जाला बायोडेटा, का यायचंय त्याचं पत्र आणि शिफारस लागते. जाऊन आलेल्यांना अहवाल लिहावा लागतो आणि हे अहवाल सिमाम प्रसिद्ध करते. ताई, अर्जाआधी ते वाचा. भाषणांबद्दल सगळे छान छान लिहितात, ते सोडा. कुणाशी बोलणं झालं ते जिथे लिहिलंय, तिथे थांबा.

'आम्हाला शिकायचंय' असं पत्र लिहू नका, तसली बरीच येत असणार. समुद्राकाठच्या दमट शहरात कागदावरचा संग्रह तुटपुंज्या पैशात कसा टिकवता ते लिहा. असली अडचण मनिला, लागोस, रिओ सगळीकडे आहे, आणि तिथली माणसं तुम्हाला शोधत येतील.

शिवाय फी परदेशी पाठवायची म्हणजे बँक ए-टू फॉर्म, म्हणजे परकीय चलन बाहेर पाठवण्याचा अर्ज, मागणार. धर्मादाय ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च झाला की करसवलतीचा प्रश्न उभा राहू शकतो. तेव्हा तुमच्या सीए ट्रस्टींनाच हे काम द्या. तिकिटं विसरतील.

फोर्टवाली

सगळ्यांचे आभार, काकांचे विशेष. मीटिंगसाठी असं मांडतेय: आयकॉम संस्थेच्या नावावर, या वर्षीच. सिमामची फी ट्रस्टकडून मागत नाही, आधी ग्रँटला अर्ज करते. मिळाली तर पुढच्या वर्षी ठरावासह सदस्यत्व. जानेवारीत न्याहारी. ए-टू फॉर्मचं सीएसाहेबांना फोनवर सांगितलं, ते एकदम खूश, म्हणाले "हे आधी का नाही बोललीस, मी बघतो."

काका, वर्षभराचे आलेख म्हणालात ते नेमके कसे ठेवायचे?

निवृत्त_रजिस्ट्रार

डेटा लॉगर लागतात, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं. प्रत्येक खोलीत एक, शिवाय ड्रॉवरच्या आत एक, कारण खोलीतली हवा आणि ड्रॉवरमधली हवा एक नसते. एसीच्या झोतात ठेवू नका आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून तर मुळीच नको. दर पंधरा मिनिटांची नोंद पुरे. जून उजाडण्याआधी लावा, म्हणजे पूर्ण पावसाळा सापडेल. दिवे गेले, एसी बंद पडला, गळती झाली, तर तारखेसह वहीत लिहा आणि आलेखाला जोडा. वाईट आठवडा लपवू नका. सगळीकडे सरळ रेष दिसली की समोरचा रजिस्ट्रार विश्वास ठेवत नाही, मी पण ठेवत नसे. तुमच्याकडे किती आहेत?

फोर्टवाली

दोन. एकाची बॅटरी गेलीय, उद्या लोहार चाळीत बघते.