क्लायंटला लैंगिक आयुष्याबद्दल विचारायचं कसं? छोट्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्यांनी सांगा

अंबाजोगाईची_काउन्सेलर
नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईत एका मानसोपचार डॉक्टरांच्या ओपीडीत काउन्सेलर म्हणून बसते. केस पेपरवर झोप, भूक, व्यसन, घरात कुणाला मानसिक आजार होता का हे सगळं विचारून होतं आणि खाली 'लैंगिक इतिहास' अशी एक ओळ येते. तिथं नव्वद टक्के पेपरवर 'विशेष नाही' लिहिलेलं सापडतं, म्हणजे विचारलंच नाही असा त्याचा अर्थ.

मला ती ओळ खरी भरायचीय. पण बाईमाणूस आली की सोबत सासू नाहीतर नवरा असतो आणि तो खुर्ची ओढून शेजारीच बसतो, पुरुष आला की मला बघून म्हणतो "सर नाहीत का". शिवाय गाव केवढं, समोरचा माणूस माझ्या काकांच्या ओळखीचा निघतो. कॉलेजात शिकवलं की नॉन-जजमेंटल रहा, ते मान्यच आहे, पण तोंडातून पहिलं वाक्य कोणतं काढायचं ते कुणी शिकवलं नाही. कितव्या सेशनला विचारायचं, किती खोलात जायचं, आणि लिहून काय ठेवायचं? जे रोज हे काम करतात त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सातारा_परिसर_संभाजीनगर
ताई फार गरजेचा प्रश्न विचारलात. मी बरीच वर्षं थेरपी करतोय, माझं मत असं की विचारायच्या आधी दोन गोष्टी सांगायच्या, का विचारतोय आणि उत्तर कुठं जाणार. आपल्याकडे लोकांना प्रश्नाची तितकी भीती नाही जितकी ती गोष्ट गल्लीत पोचायची आहे.

मी साधारण असं बोलतो, "झोप, टेन्शन, गोळ्या या सगळ्याचा परिणाम नवरा-बायकोच्या संबंधांवरपण होतो आणि संबंधातल्या त्रासाचा परिणाम मनावर होतो, म्हणून मी हे सगळ्यांनाच विचारतो. तुम्हाला आज बोलायचं नसेल तर नाही म्हणा, पुढं कधीही बोलता येईल. चालेल का?" यातलं 'सगळ्यांनाच' महत्त्वाचं, नाहीतर माणसाला वाटतं माझ्याच तोंडाकडं बघून याला संशय आला. आणि 'चालेल का' विचारल्यावर खरंच थांबायचं, लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही.

जॅक अ‍ॅनन म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७६ साली प्लिसिट नावाचं मॉडेल मांडलं. चार पायऱ्या आहेत, आधी बोलायची मुभा द्यायची, मग थोडी नेमकी माहिती, मग त्या माणसापुरत्या सूचना आणि शेवटी लागली तर सखोल थेरपी. बहुतेकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच होतं, चौथीपर्यंत फार थोडे जातात, तेव्हा मला सेक्स थेरपी येत नाही मग विचारू कशाला हे मनातून काढून टाका. विचारणं तुमचं काम, पुढचं ज्याला येतं त्याच्याकडं पाठवता येतं.

कितव्या सेशनला, तर पहिल्याच वेळी दार उघडून ठेवायचं, आत कधी यायचं ते त्यांना ठरवू द्यायचं. आणि प्रत्येक प्रश्नाआधी स्वतःला विचारायचं की हे उत्तर मला उपचारासाठी लागतंय का. नुसतं कुतूहल असेल तर तो प्रश्न गिळायचा. ज्याच्यावर लहानपणी अत्याचार झालाय त्याच्याकडून पहिल्याच दिवशी बारीकसारीक तपशील काढणं हे तर अजिबात नको, माणूस घरी जाऊन रात्रभर तेच भोगतो.

नांदेड_आयसीटीसी
मी सरकारी दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशनाचं काम करतो, आमचं तर अर्ध काम याच प्रश्नांवर चालतंय. ड्रायव्हर येतेत, बांधकामावरचे येतेत, कॉलेजची पोरं येतेत. पाच गोष्टी डोक्यात ठेवा, जोडीदार कोण, संबंध कशा प्रकारचे, निरोध वापरतात का, आधी काही गुप्तरोग झालाय का, आणि मूल पाहिजे का नको. क्रम आपापला ठेवा पण सोप्याकडून अवघडाकडं जा.

प्रश्न असा टाका की त्यात उत्तर आधीच बसलेलं नसावं. "बाहेर कुठं जात तर नाहीत ना?" असं विचारलं की समोरचा नाहीच म्हणणार, सरळ उत्तर कोण देईल. त्यापेक्षा "कामासाठी महिनोन्महिने बाहेर राहावं लागतं, अशा वेळी बऱ्याच जणांचे दुसरीकडं संबंध येतात, तुमचं कसं?" आणि जोडीदार बाईच असणार हे धरून चालू नका. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, त्याचा जोडीदार पुरुष असतोय, अशी माणसं आमच्याकडं नेहमी येतेत. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ च्या बाबतीत निकाल दिला, सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही, पण गावात ती भीती तशीच आहे बगा. "जोडीदार पुरुष का स्त्री, का दोन्ही?" एवढं सहज आवाजात विचारलं तरी काहींचे खांदे खाली येतेत.

आणखी एक, तरुण पोरं 'धातू (म्हणजे वीर्य) जातो, कमजोरी आली' म्हणून येतेत आणि त्यांना हसून वाटेला लावलं जातं. असं करू नका. त्याच्यामागं चिंता, नैराश्य दडलेलं असतंय. आधी त्याला काय वाटतं ते पूर्ण ऐका, मग माहिती द्या. नाही ऐकलं तर तो भिंतीवर जाहिरात रंगवलेल्या कुठल्यातरी तंबूवाल्याकडं जातो आणि हजारो रुपये घालतो.

परभणी_एक_पेशंट
मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, खुर्चीच्या पलीकडची बाजू सांगतो. मला नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या, मन सुधारलं पण संबंधाची इच्छाच गेली आणि झालं तरी फार उशीर लागायला लागला. मला वाटलं माझ्यातच खोट आली. बायकोला वाटलं माझं दुसरीकडं काहीतरी आहे. कुणी विचारलं नाही आणि मी कसा सांगू, शेवटी गुपचूप गोळ्याच बंद केल्या आणि आजार परत उलटला. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी सरळ विचारलं "या गोळ्यांनी इच्छा कमी होते, तुम्हाला तसं काही जाणवतंय का?" एका मिनिटाचं काम, मला रडूच आलं. गोळी बदलून दिली, आता बरं आहे. तेव्हा ताई तुम्ही विचाराच. आमच्या तोंडून निघायची वाट बघू नका.

लातूरची_ज्योत्स्ना
परभणीचे दादा, लिहिल्याबद्दल खरंच आभार. नैराश्यावर नेहमी देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा हा त्रास बऱ्याच जणांना होतो, शुगरचा आजार, बीपीच्या काही गोळ्या आणि दारू यांनीपण होतो. वाचणाऱ्यांनी गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात.

ताई, बायकांचं सांगते. सोबतच्या माणसाला बाहेर काढायचं असेल तर ते सगळ्यांसाठी नियम म्हणून करायचं. "आमच्याकडं पद्धत आहे, पेशंटशी दहा मिनिटं एकट्यानं बोलायचं, मग तुमच्याशीपण बोलते." सासूबाईंना त्यांचापण नंबर आहे म्हटल्यावर त्या उठतात. मी सुरुवात मासिक पाळीपासून करते, मग बाळंतपणं, मग ऑपरेशन, तिथून जवळ येण्याचा विषय आपोआप लागतो.

आपल्या भागात 'पिशवी (गर्भाशय) काढलीय का' हा प्रश्न सोडूच नका. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण पेपरात आलं, सरकारनं समितीपण नेमली, आठवत असेल. माझ्याकडं अशीच एक मावशी आल्या (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते), वय जेमतेम पस्तीस, तक्रार काय तर झोप नाही, चिडचिड, घाम फुटतो. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंपण काढलेली. मी विचारलं, "ऑपरेशननंतर मालक जवळ आले की दुखतं का?" त्यांनी हातातल्या पिशवीची गाठ सोडली, परत बांधली, आणि म्हणाल्या, "आग व्हती. पण सांगावं कुनाला, तो म्हनतो नाटकं करती." दोन्ही अंडाशयं गेली की हार्मोन एकदम तुटतात, कोरडेपणा येतो, त्याला औषध आहे, स्त्रीरोग तज्ज्ञांकडं पाठवलं. पण 'नाटकं करती' यावर आम्हाला पुढं कितीतरी दिवस बोलावं लागलं, कारण तिच्या मनाविरुद्धही व्हायचं. म्हणून "नको म्हटलं तर काय होतं?" हा प्रश्न प्रत्येक बाईला विचारा, मी हात जोडून सांगते.

आणि कायद्याचं आधीच सांगून ठेवायचं. १८ च्या आतल्या कुणाचे लैंगिक संबंध आले असतील तर पोक्सो कायदा २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. आपल्याकडं सोळा-सतराव्या वर्षी लग्नं लागतात, त्यामुळं हे रोजचं आहे. पोरीनं विश्वासानं सगळं सांगून टाकल्यावर 'आता मला कळवावं लागेल' म्हणणं म्हणजे तिचा घात. काय गुप्त राहील आणि काय नाही हे तोंड उघडायच्या आधी तिला कळलं पाहिजे.

अंबाजोगाईची_काउन्सेलर
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. परभणीच्या दादांचं वाचून उद्यापासून गोळ्या चालू असलेल्या प्रत्येकाला विचारायचं ठरवलं. लिहून ठेवण्याचं राहिलं, आमची फाईल रिसेप्शनवरच्या कपाटात असते आणि पेशंटच्या हातातपण जाते.

सातारा_परिसर_संभाजीनगर
मग त्या फाईलवर तपशील नकोच. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं गुप्ततेचा हक्क पेशंटला दिलाय, आणि एचआयव्हीची माहिती तर लेखी संमतीशिवाय कुणाला देता येत नाही, अपवाद मोजके. फाईलवर 'लैंगिक आरोग्याबद्दल चर्चा झाली, स्त्रीरोग तज्ज्ञांकडे पाठवले' इतकं बास. बाकीचं तुमच्या कुलपातल्या वहीत, नावाऐवजी नंबर टाकून. आणि जे लिहिताय ते पेशंटला वाचून दाखवा, तो म्हणाला हे खोडा तर उपचाराला लागत नसेल ते खोडा. डॉक्टरांशी बोलून एक कुलूपवालं कपाट मागून घ्या.