विषय: गावी उभ्या असलेल्या गाडीचा विमा

सप्रेम नमस्कार,

गुहागरच्या घरी वडिलांची गाडी पडवीलगत पत्र्याखाली उभी असते आणि आम्ही गणपतीला किंवा मे महिन्यात आलो तरच ती बाहेर निघते. मार्चमध्ये वडील गेले आणि जूनमध्ये विम्याची मुदत संपली. चार दिवसांसाठी वर्षाचा विमा उतरवणे खरोखरच आवश्यक आहे का?

एक सभासद

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

वडिलांच्या निधनाची वार्ता वाचून वाईट वाटले.

गाडी चार दिवस चालवा किंवा रोज, ती रस्त्यावर आणायची तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार निदान थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याची झालेली हानी भरून देणारा) चालू असलाच पाहिजे. तो नसल्यास पहिल्या वेळी दोन हजार व पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. माझ्या मते दंडाची रक्कम ही त्यातली किरकोळ बाब आहे, कारण अपघातात कोणी जखमी झाले तर नुकसानभरपाई घरातूनच द्यावी लागते.

ऑनलाइन पाच मिनिटांत वडिलांच्याच नावाने विम्याचे नूतनीकरण करण्याचा मोह होतो, परंतु मृत व्यक्तीच्या नावावरील विम्याचा दावा हमखास अडकतो, म्हणून ते करू नये. विमा कंपनीला मृत्यूचा दाखला देऊन वारसाच्या नावाने विमा घ्यावा. त्यानंतरच रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात नमुना ३१ भरून नोंदणी वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा, कारण तेथे चालू विम्याची प्रत मागतात. मृत्यूची माहिती तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. आपली मुदत उलटली असल्याने आता गणपतीची वाट पाहू नये. इतर वारसांचे संमतीपत्र आधीच घेऊन ठेवलेले बरे, नाहीतर एक भाऊ मुंबईत, एक परदेशात, आणि कागद एका सहीसाठी अडून राहतो.

थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांपैकी केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्यांना स्वतःच्या गाडीसाठी त्यातून काहीच मिळण्यासारखे नव्हते. स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा सर्वसमावेशक विमा घ्यायचा असेल तर मुदत संपल्यामुळे कंपनी आधी गाडीची पाहणी करील, तेव्हा चावी शेजाऱ्यांकडे असू द्यावी.

नोंदणीत मोबाइल क्रमांकही बदलून घ्यावा. ई-चलानचा संदेश वडिलांच्या बंद पडलेल्या क्रमांकावर जात राहिला, तर थकलेला दंड नावबदलाच्या वेळीच समोर येईल.

दुसरा सभासद