बुरशीचा अर्क लाकडात टिकतो का?

ट्रायकोडर्मासारख्या बुरशीचा अर्क लाकडाला लावल्यावर तांबे, क्रोमियम व आर्सेनिकयुक्त परिरक्षकांची (लाकूड कुजू नये म्हणून वापरायच्या रसायनांची) गरजच उरत नाही, असे एक मत आहे; ते मला घाईचे वाटते. ट्रायकोडर्मा बुरशी कायटिनेज आणि ग्लुकनेज ही विकरे (एन्झाइम) सोडून लाकूड कुजवणाऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिका तोडते, शिवाय तिचे नारळासारख्या वासाचे बाष्पशील (सहज वाफ होऊन उडणारे) संयुग त्या बुरशीची वाढ रोखते, हे खरोखर आशादायक आहे; परंतु पाण्यात विरघळणारे घटक पावसाने धुऊन जातात, बाष्पशील घटक उडून जातात आणि विकरांचे मोठे रेणू लाकडात खोलवर शिरत नाहीत. म्हणून अर्क लावलेले तुकडे आधी पाण्यात वारंवार भिजवावेत, मगच कुजवणाऱ्या बुरशीसमोर ठेवून वजनातील घट मोजावी. घराच्या आतील, ओलावा २० टक्क्यांखाली असलेल्या लाकडाला बहुधा यांपैकी कशाचीच गरज नसते.