बेटावर जायचंय? आधी बूट घासा

डी-२०३: मंडळी, बेटावरच्या कॅम्पची यादी पक्की करतोय. तीन रात्री, पाच माणसं, परवाना हातात आहे. तंबू, स्टोव्ह, पाणी, कोरडा शिधा, कचऱ्याच्या पिशव्या. काय राहिलं?

बी-१०२: यादीत नसताना सोबत काय जातंय ते आधी बघा. मुंग्या, झुरळांची अंडी, गवताचं बी, पाल, उंदीर. राहिलेला कचरा पुढच्या फेरीला उचलता येतो, उतरलेली गाभण उंदरीण नाही.

डी-२०३: ताई, पाच जणांच्या सामानात उंदीर कुठून येणार? 😀

बी-१०२: रात्रभर धक्क्यावर ठेवलेल्या धान्याच्या पोत्यातून. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटाजवळ १९१८ साली एक जहाज खडकावर चढलं, त्यातून उंदीर उतरले. फक्त त्याच बेटावर राहणारे पाच प्रकारचे पक्षी त्यामुळे कायमचे गेले. उंदीर काढायची मोठी मोहीम झाली २०१९ साली. शंभर वर्षं! तिथला मोठा काडीकिडाही संपला असंच सगळे धरून चालले होते, तो २००१ साली जवळच्या बॉल्स पिरॅमिड नावाच्या सुळक्यावर एका झुडपाखाली सापडला.
कारण साधं आहे. बेटावरचे बरेच पक्षी जमिनीवर किंवा बिळात अंडी घालतात. उंदीर-मांजराशी त्यांची कधी गाठच पडलेली नसते, त्यामुळे ते पळतही नाहीत.

सी-५०१: बरोबर. म्हणून पॅकिंग असं करा. पुठ्ठ्याचं खोकं एकही नको, त्याच्या पन्हाळीदार थरांत झुरळं अंडी घालतात. शिधा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये. तंबू घरात उलटा करून झटका, कोपऱ्यांत आणि चेनच्या कडेला बी अडकतं. बुटांचे तळवे टोकदार काडीने कोरा, ब्रशने धुवा, पूर्ण वाळवा. वेल्क्रो सगळ्यात वाईट, त्यातलं कुसळ चिमट्यानेच निघतं. मोज्यांच्या काठालाही बघा. भरलेली बॅग लगेच बंद, आणि थेट होडीत.
परतताना हेच पुन्हा. दुसऱ्या बेटावर तेच बूट जाणार असतील तर जास्तच.

ए-३०४: पाण्याचा हिशोब माझा. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज ४ लिटर, उन्हाळी हवेत त्याहून कमी धरू नका. ५ माणसं × ३ दिवस = ६० लिटर. वर एका दिवसाचे २० लिटर राखीव, म्हणजे ८०. वारा फिरला की होडी येत नाही, नावाडी काय करणार? शिधाही एक दिवसाचा जादा ठेवा.
१० लिटरचे ८ कॅन घ्या. २० लिटरचा कॅन गुडघाभर पाण्यातून आणि मग मऊ पुळणीवरून नेताना पाठ धरते. शिवाय एक फुटला तर चौथा हिस्सा गेला.

डी-२०३: काका, तंबू पाण्यापासून किती लांब?

ए-३०४: पावलांनी मोजू नका. वाळक्या शेवाळाची रेघ दिसते ती फक्त गेल्या भरतीची. त्याच्या वर जुनी, उन्हाने पांढरी पडलेली काटक्यांची रेघ असते, ती उधाणाची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी तिथवर येतं. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत उतरलात तर किनारा उगाच प्रशस्त वाटतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि उंचीही बदलते, त्यामुळे पहिल्या रात्री कोरडे राहिलात म्हणून तिसऱ्या रात्रीही राहाल असं नाही.

सी-५०१: आणि वाळूत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत. पिशवी वाळूने भरा, मधोमध दोरी बांधा, हातभर खड्ड्यात पुरा.

बी-१०२: थांबा, थांबा. कासवांचा हंगाम असेल तर भरतीरेषेच्या वर खणायचंच नाही! त्यांची अंडी नेमकी तिथेच, अर्ध्या मीटरच्या आसपास खोल असतात आणि वरून काही दिसत नाही. पिशव्या खालच्या ओल्या वाळूने भरा आणि दोरीवर नुसत्या ठेवा. प्रत्येकी १०-१२ किलो. तंबू तर पुळणीवर नकोच, मागच्या कडक जमिनीवर, आधी ठरवून दिलेल्या जागी.

सी-५०१: मान्य. हंगामात माझी पद्धत रद्द.

बी-१०२: दिव्यांचंही तेच. पिल्लं सगळ्यात उजळ क्षितिजाकडे चालतात, अंधाऱ्या किनाऱ्यावर ते समुद्राकडचं असतं. आतून उजळलेला तंबू म्हणजे कंदील, ती उलट्या दिशेला येतात आणि पहाटे खेकडे किंवा पक्षी टिपतात. लाल दिवा, मंद, जमिनीकडे. फ्लॅश नाही. वर येणारी मादी दिसली तर जागेवर थांबा, समोरून गेलात तर अंडी न घालताच परत फिरते.
पक्ष्यांसाठी ठरावीक अंतर सांगत नाही, वागणं बघा. चिखल्या पंख मोडल्याचं सोंग करत पुढे लंगडत गेला तर घरटं तुमच्या पायाशी आहे. अंडी खड्यांसारखी दिसतात. आलात त्याच पावलांवरून मागे. भर उन्हात सुरय दहा-पंधरा मिनिटं उडून राहिल्या तर अंडी तापून जातात.

डी-२०३: शेकोटी? मुलं विचारतायत.

सी-५०१: नाही. वाहून आलेल्या लाकडात मीठ मुरलेलं असतं, धूर विषारी होतो. वाळू टाकून विझवलेली आग तर विझतच नाही, आत निखारे तासन्‌तास तापलेले राहतात आणि अनवाणी पाय पडतो. गॅसचा स्टोव्ह पुरे. वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने. चारी बाजूंनी पत्रा लावला तर डबा तापून फुटू शकतो. विमानाने जाणार असाल तर गॅसचा डबा नेता येत नाही, तिकडेच घ्या. रिकामा डबा परत.

डी-२०३: आणि... सकाळचं? 🙈

सी-५०१: माती असेल तिथे १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा, पाणी आणि वाटेपासून किमान ६० मीटर लांब. निव्वळ वाळूत ते कुजत नाही, तिथे घट्ट झाकणाचा डबा आणि आत ओलावा धरणाऱ्या पावडरीच्या पिशव्या. परत आणायच्या. कागद आणि पॅड कुठेच पुरायचे नाहीत, खेकडे उकरून काढतात.

ए-३०४: ई. पण खरं आहे.

बी-१०२: भांडी आधी पुसून मग धुवा, खरकटं गाळून पिशवीत. साबण निसर्गात कुजून जाणारा असला तरी खडकातल्या डबक्यात नको. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे. रिकामे शंखही उचलायचे नाहीत, शंखात राहणाऱ्या खेकड्यांना वाढताना मोठं घर लागतं.

ए-३०४: किनाऱ्यावरच्या कुणाला तरी परतीची वेळ लिहून द्या, आणि किती तास उशीर झाला की तटरक्षक दलाला कळवायचं तेही.

डी-२०३: देतो. बिस्किटांचे पुडे आत्ताच पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढले. तळाशी दोन मुंग्या निघाल्या, ताई.