चर्चा: उत्क्रांती कुणी पाहिली? आम्ही पाहिली, पऱ्हाटीवर

पऱ्हाटीवाला
परवा इथे एका सद्‌गृहस्थांनी लिहिलं, "माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला? उत्क्रांती हा निव्वळ अंदाज. शाळेतून धडा गेला तर बिघडलं काय?" दोन दिवस गप्प राहिलो, पण डोक्यातून जाईना.

2017चा नोव्हेंबर. यवतमाळ जिल्ह्यात आमचं पाच एकर. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वरून हिरवीगार, बोंडं टपोरी. बाबांनी एक बोंड दगडावर ठेचलं. आत रुई पिवळी पडलेली, सरकी पोखरलेली आणि त्यात गुलाबी अळी वळवळत होती. "हे तं मराले पाहिजे होती," एवढंच बोलले ते.

2002ला बीटी आलं, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी, तेव्हा मरतच होती. 2006ला दोन विषांचं बीजी-2 आलं. पहिल्या विषाला गुजरातेतली अळी दाद देत नाही हे 2010ला जाहीर झालं, पुढे दुसरंही गेलं. एखाद्याच अळीच्या आतड्यात विष चिकटायची जागा जन्मतःच बिघडलेली होती. बाकीच्या मेल्या, ती उरली, तिचीच प्रजा वाढली. डार्विनने 1859ला मांडलं ते हेच. आम्हाला बघायला पंधरा वर्षं पुरली.

घाटमाथा
ते सद्‌गृहस्थ मीच. नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण अळी अळीच राहिली ना? तिचा बेडूक तर झाला नाही. विषाची सवय झाली, एवढंच.

दहावीची बाई
"सवय" या शब्दानेच घात होतो हो. एकाही अळीला सवय झालेली नाही. मरायच्या त्या मेल्याच, बदललं ते पुढच्या पिढीतलं प्रमाण. दरवर्षी वर्गात हे निदान तीनदा सांगावं लागतं.

आणि मोठ्या बदलाचा पुरावा हवा, तर तो आपल्याच देशात आहे. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जम्मूतल्या कालाकोटहून दगड गोळा केले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते अभ्यासकांना दिले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं, एका बाजूने जाड, जसं फक्त देवमाशांचं असतं. प्राणी मात्र खुरांचा, चार पायांचा, जेमतेम मांजराएवढा. त्याचं नाव इंडोह्यूस, जमिनीवरून पाण्यात गेलेल्या देवमाशांचा जवळचा नातेवाईक. 2007ला हे जगापुढे आलं. पुढच्या टप्प्यातले, आखूड पायांचे देवमासे कच्छच्या खडकांत सापडलेत.

आमच्या राज्य मंडळात दहावीच्या विज्ञान भाग 2चं पहिलंच प्रकरण आनुवंशिकता व उत्क्रांती आहे. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने 2023ला दहावीतून उत्क्रांती काढली, तेव्हा 1800हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र काढलं. बारावीला आहे म्हणतात. पण दहावीनंतर कॉमर्सला जाणाऱ्या पोरीने ते कुठे वाचायचं?

कृषी पदवीधर
पऱ्हाटीवाले, अर्धीच गोष्ट सांगितलीत. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. ती कडेने पाच ओळी लावायची होती. तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग तगलेल्यांशी जुळतात आणि पिल्लं बीटीवर मरतात, कारण बिघडलेलं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तरच अळी तगते. गावोगाव ती पुडी बांधावर फेकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. शिवाय फरदड! मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवायची म्हणजे अळीला वर्षभर जेवण. अमेरिकेने शिस्त पाळली आणि 2018ला ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

पऱ्हाटीवाला
म्हणजे चूक आमची! पाच एकरवाल्याने कडेच्या ओळी अळीला खायला सोडायच्या? त्या पुडीचं आम्ही एका वर्षी लावलं, निम्मंही उगवलं नाही. दुकानदार म्हणाला, फेकून द्या. पुडी कशासाठी आहे, हे सांगायला बांधावर कोण आलं? तुम्ही आला होता?

वऱ्हाडची लेक
दादा बरोबर बोलतात. त्याच 2017ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने 20हून जास्त माणसं गेली. माझा मामा अकरा दिवस दवाखान्यात होता. डोळ्यांपुढे अंधारी, हात थरथरायचे, भाकरीचा तुकडा धरवत नव्हता. अळी मरेना म्हणून औषधात औषध मिसळून मारत होता. कुणी पुडीचा हिशोब मागायला लागलं की मला संताप येतो.

कृषी पदवीधर
ताई, तुमच्या मामांबद्दल मी काही बोललेलो नाही. बरं, एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध करतो. आपल्याकडे बीटी सगळं संकरित वाणांत आलं. संकरिताच्या एकाच बोंडात काही सरक्यांत विष असतं, काहींत नसतं. अळी एका सरकीतून दुसरीत जाते, तिला अर्धवट मात्रा मिळते. तगणाऱ्या अळ्यांना त्यानेही हात दिला. हा दोष शेतकऱ्याचा नाही. फरदडीचं मात्र मागे घेणार नाही.

घाटमाथा
माझा प्रश्न बोंडअळीने खाल्ला. असो. अळीपुरतं मान्य. देवमाशाचं वाचून बघतो. माणसाचं पटलेलं नाही.

दहावीची बाई
मग हेही बघा. चिंपांझीला गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्याला 23. आपलं दुसरं गुणसूत्र दोन जोडून झालेलं आहे. एरवी टोकाला असणारी खूण त्याच्या मधोमध सापडते, तीही उलटसुलट जोडलेली. दोन फळ्या जोडलेल्या दारासारखा सांधा दिसतो.

घाटमाथा
वाचतो म्हटलं ना, बाई. आत्ताच हो म्हणवून घेऊ नका.

पऱ्हाटीवाला
पदवीधर साहेब, रागाच्या भरात जास्त बोललो. रात्री बाबांना फोन केला, फरदड काढली का विचारलं. म्हणाले, "विहिरीत पानी हाय, अजून दोन वेचे निघतीन." शेजारच्या तिघांचीही उभीच आहे. रविवारी गावी जातोय. नॉन-बीटीचं नीट उगवणारं बियाणं कुठे मिळतं, तेवढं सांगा.