लायब्ररीचं इनिट आणि शटडाऊन यांच्या युनिट टेस्ट कशा लिहायच्या?

अर्धविराम

सी मधली लायब्ररी आहे. वापरणाऱ्याने आधी लिब_इनिट() कॉल करायचं, काम संपलं की लिब_शटडाऊन(). इनिटमध्ये चार वर्कर थ्रेड (रांगेतली कामं उपसणारे), एक लॉग फाईल आणि एक ग्लोबल कॅशे उभा राहतो. टेस्ट गूगलटेस्ट या सी++ च्या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये, लिनक्सवर.

फिल्टर लावून एकेक टेस्ट चालवली की पास होते. सगळ्या एकत्र चालवल्या तर दुसऱ्या टेस्टमध्ये इनिट ० (म्हणजे यश) परत करतं, पण रांगेत काम टाकल्यावर निकालाची वाट बघत टेस्ट तिथेच लटकते. क्रॅश नाही, एरर नाही.

इनिट-शटडाऊन प्रत्येक टेस्टच्या सेटअप-टेअरडाऊनमध्ये घालावं की सगळ्यांसाठी एकदाच? आणि इनिट अर्ध्यात फसलं तर काय होतं, हे टेस्टमधून कसं घडवून आणायचं?

मेकफाईल

लक्षणांवरून तरी इनिटमध्ये पीथ्रेड_वन्स (दिलेलं फंक्शन प्रोसेसमध्ये एकदाच चालवणारी सोय) दिसतंय. त्याचा कंट्रोल व्हेरिएबल एकदा वापरला की पुन्हा कोरा करायची अधिकृत सोय नाही. शटडाऊनने थ्रेड बंद केले, पण दुसऱ्या इनिटला वन्स म्हणतं "झालंय की", आणि ० परत जातो. रांग आहे, उपसणारं कोणी नाही. सी++ मधल्या कॉल_वन्सचंही हेच.

वन्स काढा. स्टॅटिक इनिशियलायझरने तयार केलेला एक म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) आणि इनिट मोजणारा एक काउंटर ठेवा. तो म्युटेक्स शटडाऊनमध्ये डिस्ट्रॉय करू नका, पुढच्या इनिटला तोच लागणार आहे. आणि तो धरून ठेवून थ्रेड जॉइन करू नका (म्हणजे थ्रेड संपेपर्यंत थांबू नका): एखाद्या वर्करने आतून तोच म्युटेक्स मागितला तर दोघेही एकमेकांची वाट बघत बसतील. आधी "बंद होत आहे" अशी अवस्था नोंदवा, म्युटेक्स सोडा, मग जॉइन. ही मधली अवस्था असताना दुसऱ्या थ्रेडकडून इनिट आलं तर त्याने थांबायचं की एरर द्यायचा, हेही ठरवावं लागेल.

टेस्ट लिहिण्याआधी इनिट-शटडाऊन पुन्हा पुन्हा झालं तर काय व्हावं याचा करार ठरवा, कारण इथे एकच बरोबर उत्तर नाही. प्रसिद्ध लायब्ररी बघा. कर्लची ग्लोबल इनिट मोजणी ठेवते: जितके इनिट तितके क्लीनअप. एसक्यूलाइटमध्ये इनिशियलाइझ कितीही वेळा करा, पहिल्याच शटडाऊनला सगळं बंद. ओपनएसएसएल १.१.० पासून स्वतःच इनिट होतं, आणि त्याचं क्लीनअप एकदा झालं की त्या प्रोसेसमध्ये परत सुरू करता येत नाही. तुमचं यातलं कुठलं, ते हेडर फाईलमध्ये लिहा. मोजणीवालं असेल तर दोन इनिट, एक शटडाऊन, आणि त्यानंतरही काम झालं पाहिजे, ही टेस्ट हवीच.

इनिटने ० दिला एवढंच तपासणारी टेस्ट फुकट आहे. तुमच्या इनिटने दुसऱ्यांदाही ० च दिला होता. प्रत्येक इनिटनंतर एक खरं काम रांगेत टाकून त्याचा निकाल तपासा, आणि टाइमआउट लावा. सीटेस्ट (सीमेकबरोबर येणारा, टेस्ट चालवणारा प्रोग्राम) वापरलात तर त्याची मुदत मुळात १५०० सेकंद असते. या टेस्टना १० पुरेत.

फिक्स्चरबद्दल: गूगलटेस्टमध्ये सेटअपमधला असर्ट फसला तर टेस्टचं मुख्य अंग वगळलं जातं, पण टेअरडाऊन तरीही चालतं. म्हणजे इनिट न होता शटडाऊन कॉल होणार. ते निमूट परत आलं पाहिजे.

धागेदोरे

अर्ध्यात फसण्याबद्दल. इनिटमधलं प्रत्येक मेमरी वाटप एकेक करून पाडा. n = १ पासून सुरू; प्रत्येक फेरीत एक काउंटर वाटपं मोजेल आणि n वं वाटप नल देईल. इनिट कॉल करा, एरर कोड आला का बघा, मग पाडणं बंद करून पुन्हा इनिट करा: ते यशस्वी झालं पाहिजे आणि काम उरकलं पाहिजे. शटडाऊन, n एकने वाढवा. ज्या फेरीत इनिट पहिल्याच कॉलला यशस्वी झालं आणि काउंटरही n पर्यंत पोचला नाही, तिथे लूप थांबवा. n पर्यंत पोचूनही इनिट यशस्वी म्हणत असेल तर कुठेतरी नल गिळला जातोय. एसक्यूलाइटवाले मेमरी संपण्याच्या टेस्ट साधारण अशाच लूपने करतात.

मॅलॉक (मेमरी वाटप करणारं फंक्शन) अडवायला लिंकरचा रॅप पर्याय चालतो, पण तो तुम्ही लिंक करत असलेल्या ऑब्जेक्ट फाईलींपुरताच. एसटीआरडप (स्ट्रिंगची प्रत बनवणारं फंक्शन) सी लायब्ररीच्या आतून मॅलॉक कॉल करतं ते त्यातून निसटतं. लायब्ररीत वाटपाचा फंक्शन पॉइंटर ठेवता आला तर ते बरं.

हेच थ्रेड बनवणाऱ्या पीथ्रेड_क्रिएट आणि फाईल उघडणाऱ्या एफओपनला लावा. चौथा थ्रेड तयार झाला नाही तर आधीचे तीन जॉइन व्हायला हवेत, आणि दोष बहुतेक वेळा नेमका इथे सापडतो: सफाईचा कोड चारही हँडल जॉइन करायला जातो, आणि चौथ्यात कचरा असतो.

अर्धविराम

वन्सच होतं. काउंटर लावला, टेस्ट सरळ चालल्या. पण प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावी असंही सुचवलं जातं. तसं केलं असतं तर हा दोष दिसलाच नसता ना?

मेकफाईल

नसता. म्हणून दोन एक्झिक्युटेबल करा. नेहमीच्या टेस्टसाठी सूटपातळीवरचा सेटअप, इनिट एकदाच. शंभर टेस्टसाठी शंभरदा थ्रेड उभारण्यात अर्थ नाही. जीवनचक्राच्या टेस्ट दुसऱ्यात, प्रत्येक वेगळ्या प्रोसेसमध्ये. सीमेकचं जीटेस्ट_डिस्कव्हर_टेस्ट्स प्रत्येक टेस्टची सीटेस्टमध्ये स्वतंत्र नोंद करतं, त्यामुळे ते आपसूक होतं. पुन्हा-इनिटची साखळी मात्र एकाच टेस्टच्या आत, एकाच प्रोसेसमध्ये हवी.

शून्यपॉइंटर

गळतीचं कोणी बोललं नाही. शटडाऊनने कॅशे मोकळा केलाच नाही, पण ग्लोबल पॉइंटर त्याच्याकडे रोखलेला आहे, तर गळती शोधणारा लीकसॅनिटायझर गप्प बसतो; त्याच्या लेखी ती मेमरी अजून आवाक्यात आहे. मेमरी तपासणारा व्हॅलग्रिंडही ती "स्टिल रीचेबल"मध्ये टाकतो आणि मुळात एरर मोजत नाही. व्हॅलग्रिंडला लीक-चेक फुल करा, लीकचे सर्व प्रकार एरर धरा असा पर्याय द्या आणि एरर-एक्झिटकोड १ ठेवा, नाहीतर सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) हिरवंच राहील.

फाईल डिस्क्रिप्टरसाठी (उघड्या फाईलींच्या नोंदी) /प्रॉक/सेल्फ/एफडी मधल्या नोंदी इनिटच्या आधी आणि शटडाऊननंतर मोजा. डिरेक्टरी उघडल्याने एक नोंद वाढते, पण ती दोन्हीकडे असते. थ्रेडसाठी /प्रॉक/सेल्फ/टास्क. इथे एक खोच आहे: जॉइन परत आल्यावरही ती नोंद क्षणभर दिसू शकते, कारण कर्नलची आवराआवर नंतर संपते. काही मिलिसेकंद थांबून पुन्हा मोजा, नाहीतर टेस्ट कधी पास, कधी फेल.

मोजणी पहिल्या फेरीवर करू नका. सी लायब्ररी पहिल्या वापरात स्वतःचे काही बफर बनवून ठेवते. एक इनिट-शटडाऊन आधी वाया घालवा, मग मोजा.

धागेदोरे

आणि दर टेस्टला डीएलओपन-डीएलक्लोज करून (लायब्ररी चालत्या प्रोग्राममध्ये चढवून-उतरवून) "कोरी" लायब्ररी मिळवायच्या भानगडीत पडू नका. मसल या सी लायब्ररीत डीएलक्लोज काही उतरवतच नाही. लिनक्सवरच्या नेहमीच्या जीलिबसी या सी लायब्ररीवरही जी++ ने बनवलेल्या लायब्ररीत युनिक प्रकारची सिम्बॉल असली तर ती मेमरीतच राहते, आणि जुने ग्लोबलही तसेच.

एकाच वेळी आठ थ्रेडमधून इनिट, बॅरियर लावून (सगळे पोचेपर्यंत कोणी पुढे जात नाही), ही टेस्ट थ्रेडसॅनिटायझरखाली (थ्रेडमधल्या शर्यती पकडणारं साधन) चालवा. त्याचा बिल्ड वेगळा करावा लागेल, मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेससॅनिटायझरबरोबर तो एकत्र चालत नाही.