मदत हवी आहे: लार्गो नेमका किती संथ?
मंडळी, मुलीच्या पियानोच्या पुस्तकात लार्गो (पाश्चात्त्य संगीतातला लय सांगणारा शब्द) म्हणजे अगदी संथ असं दिलंय, पण इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलने १६८३ साली लंडनला छापलेल्या सोनाटांच्या (वाद्यरचनांच्या) प्रस्तावनेत इंग्रजी वाचकांना हे इटालियन शब्द समजावून सांगितलेत त्यात अडाजिओ खूप संथ आणि लार्गो चक्क मध्यम लयीचा आहे. मूळ इटालियनमध्ये लार्गो म्हणजे रुंद, ऐसपैस, त्यात वेग कुठेच नाही. अलेग्रोचंही तेच, अर्थ आनंदी, तरी मोझार्टच्या ४० व्या सिम्फनीची इतकी व्याकूळ सुरुवात मोल्तो (खूप) अलेग्रो. मग लार्गो एवढा खाली कधी आणि कशामुळे आला, मेट्रोनोममुळे (ठरलेल्या लयीत टिकटिकणाऱ्या यंत्रामुळे) का? पर्सेल वाजवताना कुठली लय धरायची? बरोक (पर्सेलच्या काळातलं युरोपीय संगीत) वाजवणारं कुणी असेल तर प्लीज सविस्तर सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.